नव्या भाषेत बोलणारा आणि त्याचे श्रोते

एखादी भाषा कामापुरती बोलता येणे आणि त्या भाषेत चारचौघांपुढे उभे राहून दहा मिनिटे एक विषय मांडणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. मन्नाएखेळ्ळीच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. पुणे-हैदराबाद महामार्गावरच्या आपल्या या गावात माणूस कन्नडमध्ये भाव विचारतो, दखनीत घासाघीस करतो, तेलंगणातून आलेल्या व्यापाऱ्याशी दोन शब्द तेलुगूत बोलतो आणि घरी येऊन मराठीत हिशेब सांगतो. यात आपल्याला विशेष काही वाटत नाही. पण त्याच माणसाला शाळेच्या कार्यक्रमात पाच मिनिटे कन्नडमध्ये भाषण करायला सांगा. घसा कोरडा पडतो. बाजारात चार भाषांत लीलया फिरणारी जीभ व्यासपीठावर जड होते.

हे असे का होते, त्यावर उपाय काय आणि त्यात श्रोत्यांचा वाटा किती, हा या लेखाचा विषय आहे. परदेशातून येऊन पुण्यात मराठी शिकणारा विद्यार्थी सत्राच्या अखेरीस आपल्या अभ्यासाचा विषय मराठीत मांडतो, तेव्हा तो जे काम करतो तेच काम आपल्या मराठी घरातले मूल एक नोव्हेंबरला, राज्योत्सवाच्या दिवशी, कन्नडमध्ये बोलताना करत असते. एकाचे आपण कौतुक करतो, दुसऱ्याच्या चुका मोजतो. माझे म्हणणे एवढेच आहे की नव्या भाषेतले भाषण उभे राहते ते निम्मे बोलणाऱ्याच्या तयारीवर आणि निम्मे ऐकणाऱ्याच्या वागण्यावर. पहिल्या निम्म्याची चर्चा पुष्कळ होते. दुसरे निम्मे आपल्या हातात असूनही त्याचा विचार होत नाही.

तोंड एक, कामे चार

आपल्या भाषेत बोलताना आपण फक्त काय सांगायचे याचा विचार करतो. शब्द आपोआप येतात, क्रियापद आपोआप वळते. नव्या भाषेत तसे होत नाही. बोलणाऱ्याला मुद्दा डोक्यात धरून ठेवावा लागतो, त्यासाठी शब्द शोधावा लागतो, शब्द सापडला की त्याचे लिंग-वचन पाहून क्रियापद जुळवावे लागते आणि हे सगळे चालू असताना समोरच्या चेहऱ्यांकडे लक्ष ठेवावे लागते. चार कामे एकाच वेळी करताना एखादे हातून सुटते. बहुतेक वेळा क्रियापद सुटते, कधी शब्द सुटतो, आणि समोर कोणी हसले तर मुद्दाच सुटतो.

म्हणून नव्या भाषेत बोलणारा माणूस असतो त्यापेक्षा कमी हुशार दिसतो. घरी इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये बारकाईने वाद घालणारी विद्यार्थिनी मराठीत बोलताना पाचवीतल्या मुलीसारखी वाक्ये करते. ‘पाणी कमी आहे. बायका लांब जातात. हे चांगले नाही.’ या तीन वाक्यांमागे तिचा महिन्याभराचा अभ्यास असतो, गावोगाव फिरून विचारलेले प्रश्न असतात. तो अभ्यास वाक्यांच्या लांबीत दिसत नाही. साध्या वाक्यामागचा विचारही साधाच असणार असे श्रोत्याने धरले, तर तो त्या अभ्यासाला मुकतो.

दुसरी गोष्ट, ऐकून समजणे नेहमीच बोलण्याच्या पुढे असते. दोन वर्षांच्या बाळाला बोलता येते त्याहून कितीतरी जास्त समजते, तसेच शिकणाऱ्या मोठ्या माणसाचे. भाषण अडखळत झाले म्हणजे त्याला आपले प्रश्न समजणार नाहीत असे नव्हे. पण होते असे की पाहुणा एका शब्दावर अडला की श्रोते लगेच हिंदीत किंवा इंग्रजीत शिरतात. हेतू चांगला असतो. परिणाम मात्र असा होतो की सहा महिने खपून त्याने बांधलेला पूल आपण त्याच्या पायाखालून काढून घेतो.

कोण कुठे अडखळतो

प्रत्येकजण आपल्या जुन्या भाषेच्या वाटेने नव्या भाषेत येतो. त्यामुळे कोण कुठे ठेचकाळणार हे बरेचसे आधी सांगता येते.

इंग्रजी बोलणाऱ्याला पहिली अडचण लिंगाची. त्याच्या भाषेत टेबल, भिंत आणि दार यांना लिंग नसते. आपल्याकडे दगड तो, भिंत ती आणि दार ते. याला कारण विचारले तर आपल्यालाही सांगता येत नाही. मग ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक, ‘क’ आणि ‘ख’ यांतला फरक, ‘चार’मधला ‘च’ आणि ‘चाक’मधला ‘च’ यांतला फरक. हा शेवटचा फरक तर आपल्या लिपीतही दिसत नाही, कानानेच शिकावा लागतो. त्यानंतर येते ‘आम्ही’ आणि ‘आपण’. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. ‘आम्ही उद्या देवळात जाऊ’ यात ऐकणारा धरलेला नाही, ‘आपण उद्या देवळात जाऊ’ यात धरलेला आहे. पाहुणी म्हणाली, ‘आपण अमेरिकेत असे करतो,’ तर सभेत हशा होतो. तेलुगू बोलणाऱ्याची मात्र ही चूक होत नाही, कारण त्याच्या भाषेत ‘मनमु’ आणि ‘मेमु’ असा हाच भेद आहे.

हिंदी बोलणारा बराच पुढे असतो. ‘मैंने रोटी खाई’ म्हणणाऱ्याला ‘मी भाकरी खाल्ली’ यात क्रियापद भाकरीप्रमाणे वळते हे ओळखीचे वाटते. त्याला नवे असते ते नपुंसकलिंग.

कन्नड बोलणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती आपल्या जवळची आहे. वाक्याची मांडणी दोन्ही भाषांत बहुतेक सारखी. ‘ननगे बेकु’ आणि ‘मला पाहिजे’ यांचा सांगाडा एकच. ‘ळ’ दोघांकडे आहे. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द आपण कन्नडकडूनच घेतलेले. तरी दोन ठिकाणी घोटाळा होतो. कन्नडमध्ये माणसांना स्त्री-पुरुष असे लिंग असते आणि बाकी वस्तू सगळ्या नपुंसक. त्यामुळे आपली ‘ती भिंत’ कन्नड माणसाला चमत्कारिक वाटते. दुसरे, कन्नडमध्ये क्रियापद नेहमी करणाऱ्याप्रमाणे वळते, खाल्लेल्या वस्तूप्रमाणे नाही. म्हणून तो म्हणतो, ‘मी भाकरी खाल्लो.’

आता उलट बाजूने पाहा. मराठी घरातले मूल कन्नड बोलू लागले की आपले लिंग घेऊन तिकडे जाते. आपल्याकडे गाडी ती, म्हणून ते म्हणते ‘बस बंदळु’. वर्ग हसतो, कारण ‘बंदळु’ हे बाईमाणसासाठी. बस असेल तर ‘बंतु’. तसेच कन्नडमध्ये आखूड ‘ओ’ आणि लांब ‘ओ’ वेगळे आहेत. ‘कोडु’ आखूड म्हटले तर ‘दे’, लांबवले तर ‘शिंग’. मराठी कानाला हा फरक ऐकू येत नाही, म्हणून मराठी मूल वही मागता मागता शिंगाचे नाव घेऊन बसते.

या चुकांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. यातली एकही चूक आळसाची नाही. प्रत्येक चुकीमागे एका भाषेचा पक्का नियम आहे, तो फक्त दुसऱ्या भाषेत लावला गेला आहे. म्हणजे ज्याला आपण अडाणीपणा म्हणतो ती एका भाषेच्या चांगल्या ज्ञानाची खूण असते.

मराठीत आलेले पाहुणे

परक्या माणसाने मराठीत उभे राहून बोलणे ही आजकालची गोष्ट नाही. आपल्या गद्याचा आरंभच तसा आहे. महानुभाव परंपरेनुसार चक्रधरस्वामी मूळचे गुजरातेतले, भडोचचे. तेराव्या शतकात ते महाराष्ट्रात आले, पायी फिरले आणि लोकांशी लोकांच्या मराठीत बोलले. त्यांच्या पश्चात म्हाइंभटांनी शिष्यांकडे जाऊन आठवणी गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ तयार झाले. मराठीतल्या या आद्य गद्यग्रंथाच्या केंद्रस्थानी असलेला माणूस परंपरेच्या सांगण्याप्रमाणे मराठी मुलखात जन्मलेला नव्हता. ते बोलणे टिकले कशामुळे? ऐकणाऱ्यांनी ते मनात जपले म्हणून. वक्ता बाहेरून आला, ग्रंथ श्रोत्यांनी घडवला.

याच चक्रधरांनी शिष्यांना कन्नड आणि तेलंग देशांत न जाता महाराष्ट्रात राहण्याचा उपदेश केला, हेही प्रसिद्ध आहे. हे तिन्ही देश जिथे एकमेकांना चिकटतात तिथेच आपण पिढ्यान्‌पिढ्या बसलो आहोत, हा इतिहासाचा विनोद म्हणायचा.

दुसरे नाव फादर थॉमस स्टीफन्स यांचे. १५४९ साली इंग्लंडात जन्मलेले हे धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यात उतरले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. १६१६ साली राचोल येथे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. देवनागरी खिळे हाताशी नसल्याने तो रोमन अक्षरांत छापला, भाषा मात्र मराठी. त्यांनी आपल्याकडे घेण्यासारखी गोष्ट केली ती शब्दसंग्रहापलीकडची आहे. समोरच्या लोकांना पुराण ऐकण्याची सवय आहे हे त्यांनी ओळखले आणि आपला विषय त्यांच्या ओळखीच्या साच्यात, ओवीत, बसवला. नुसते शब्द मराठी करून भागत नाही, ऐकण्याची रीतही श्रोत्यांचीच घ्यावी लागते, हे त्यांना चारशे वर्षांपूर्वी समजले होते.

तिसरे उदाहरण कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजचे. १८०० साली हे कॉलेज कंपनी सरकारच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवण्यासाठी निघाले. तिथे दरवर्षी जाहीर वादसभा भरत. एका विद्यार्थ्याने फारसी, हिंदुस्थानी किंवा बंगालीत एक विधान मांडायचे, इतरांनी त्याच भाषेत त्याचे खंडन करायचे आणि अध्यापकाने मध्यस्थ म्हणून बसायचे. आजच्या विद्यार्थ्यांच्या सादरीकरणाची ही पूर्वजच. मराठीचे अध्यापन तिथे विल्यम कॅरी यांच्याकडे होते. बंगालमध्ये राहून, वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने, त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. व्याकरणाला त्यांनी नेहमीच्या विषयांवरचे संवाद जोडले आहेत, कारण नियम पाठ करून बोलता येत नाही हे त्यांना ठाऊक होते.

पण या वादसभांत एक उणीव होती. विद्यार्थी बोलत होता तो परीक्षेसाठी, आणि त्याला जोखणारे त्याचेच देशबांधव होते. ज्यांची भाषा तो बोलत होता त्यांच्याशी त्याचे त्या व्यासपीठावर संभाषण नव्हते. स्टीफन्स ज्यांची भाषा शिकले त्यांच्याशीच बोलत होते. भाषण कोणासाठी आहे यावर त्याचा सगळा नूर ठरतो.

फलटणचा धडा

आपल्या काळात यायचे तर पुण्याकडे पाहावे लागेल. अमेरिकेतल्या मध्यपश्चिम भागातील महाविद्यालयांच्या एका संघाचे विद्यार्थी अनेक वर्षे पुण्यात येत राहिले. मराठी शिकायची, पुणेकर कुटुंबात राहायचे आणि स्वतः निवडलेल्या एका विषयाचा अभ्यास करायचा, अशी त्या उपक्रमाची रीत. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्थाही पुण्यात मराठीचे वर्ग चालवते. या मुलांना मराठी शिकवणाऱ्यांत एक नाव फार मोलाचे आहे. ते म्हणजे मॅक्सीन बर्नसन.

मॅक्सीनबाई अमेरिकेतून १९६० च्या दशकात प्रथम हैदराबादला आल्या. पुढे भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी त्यांनी सातारा जिल्ह्यातले फलटण निवडले. एकाच गावात राहणाऱ्या लोकांच्या बोलण्यात फरक कसकसा पडतो, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९७३ साली त्यांना त्यावर पेनसिल्वेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. मग त्या फलटणलाच राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या आणि तिथे त्यांनी कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी केली. इरावती कर्वे यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर यांच्याबरोबर त्यांनी परदेशी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले मराठीचे पाठ्यपुस्तक १९८२ साली निघाले. स्वतः मराठी शिकलेली बाई इतरांना मराठी शिकवू लागली आणि शेवटी मराठी मुलांची शाळा चालवू लागली, हा प्रवास लहान नाही.

मॅक्सीनबाईंच्या कामात आपल्यासाठी एक धडा आहे. त्यांनी फलटणकरांचे बोलणे तपासले ते त्यातल्या चुका काढण्यासाठी नव्हे. कोण कुठल्या रूपात बोलतो, ते रूप कुठून येते, हे त्यांनी समजून घेतले. परक्या विद्यार्थ्यापुढे हा प्रश्न पहिल्या दिवसापासून असतो. पुस्तकातली मराठी शिकून तो खेड्यात गेला की ऐकू येते ती मराठी निराळी असते. तो गोंधळतो आणि विचारतो, ‘बरोबर कोणती?’ चांगला शिक्षक त्याला सांगतो, ‘दोन्ही. एक लिहिताना, एक इथे बोलताना.’

आपली मराठी कोणती?

हा प्रश्न पाहुण्याने आपल्याकडे येऊन विचारला तर आपण काय उत्तर देऊ? बीदर, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण या पट्ट्यात ‘मी काम केलो’, ‘मी भाकरी खाल्लो’ असे सर्रास ऐकू येते. वर कन्नड माणसाची म्हणून सांगितलेली चूक ती हीच. कन्नडच्या शेजारात शतकानुशतके राहून आपल्या क्रियापदाने करणाऱ्याप्रमाणे वळण्याची रीत धरली. ही आपल्या बोलीची रीत आहे. पुण्या-मुंबईचे नातलग लग्नात भेटले की या ‘केलो’वर हसतात. मूल ओशाळते आणि पुढच्या वेळी हिंदीत बोलते.

इथे खरा धोका आहे. आपल्या घरांच्या तीन पिढ्यांकडे पाहा. निजामाच्या राजवटीत शिकलेल्या आजोबांना उर्दूत उभे राहावे लागले. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर उच्च शिक्षणाचे माध्यमच उर्दू होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य मोडले आणि जुना बीदर जिल्हा तीन वाटांनी गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, जहीराबाद-नारायणखेडचा भाग आंध्रात आणि आपण म्हैसूर राज्यात. त्यानंतरची पिढी कन्नडमध्ये उभी राहिली. आजची नातवंडे इंग्रजीत उभी राहतात. म्हणजे आपल्याकडे प्रत्येक पिढीला एका नव्या भाषेत भाषण करावे लागले आहे. या विद्येत आपली घरे जुनी जाणकार आहेत.

ही विद्या उंचीवर गेली की काय होते याचे उदाहरण धारवाडचे द. रा. बेंद्रे. घरची भाषा मराठी, आणि कन्नडमध्ये कविता अशी की १९७३ साली त्यांना ‘नाकु तंति’साठी ज्ञानपीठ मिळाले. मराठीतही ते लिहीत राहिले. आपल्या अगदी जवळचे उदाहरण हुमनाबादच्या माणिकप्रभूंचे. त्यांची पदे मराठीत आहेत, कन्नडमध्ये आहेत, हिंदुस्थानीतही आहेत. माणिकनगरला जमणाऱ्या नाना भाषांच्या भाविकांना त्यात आपापली भाषा सापडते. एक भाषा घेतली म्हणून दुसरी सोडावी लागली नाही.

पण बेंद्रे सगळेच होत नाहीत. बहुतेक घरांत जे मूल शाळेत ‘बस बंदळु’वर हसले जाते आणि लग्नात ‘मी केलो’वर हसले जाते, ते दोन्हीकडे गप्प राहायला शिकते. मग त्याला ना कन्नडमध्ये उभे राहता येते, ना मराठीत. भाषा एकदम मरत नाही, आधी ती सभेतून जाते, मग जेवणाच्या पानावरून जाते. मुलांना मराठी येत नाही म्हणून हळहळताना, आपण त्यांच्या कोणत्या वाक्यावर हसलो होतो हेही आठवून पाहावे.

बोलणाऱ्याने काय करावे

आता थोडे व्यवहाराचे. घरातले मूल कन्नडमध्ये बोलणार असो की पाहुणा मराठीत, तयारीचे नियम तेच.

सगळे भाषण लिहून घोकू नये. घोकलेल्या भाषणात एक शब्द निसटला की पुढचे सगळे निसटते. पहिली दोन वाक्ये आणि शेवटचे एक वाक्य पाठ असावे, मधल्या भागासाठी मुद्द्यांची चिठ्ठी हातात असावी. सुरुवात बिनचूक झाली की जीभ सैल होते.

विषयाचे दहा-पंधरा महत्त्वाचे शब्द लिंगासह लिहून ठेवावेत. ‘विहीर ती, पाणी ते, पाऊस तो’ एवढे पक्के असले तर पाण्यावरचे भाषण निभावते.

वाक्ये लहान ठेवावीत. जो-तो, जेव्हा-तेव्हा अशी जोडवाक्ये पहिल्या वर्षी टाळावीत. दोन लहान वाक्ये एका मोडक्या लांब वाक्यापेक्षा बरी.

शब्द अडला तर वळसा घेता यावा. ‘अडकित्ता’ आठवला नाही तर ‘सुपारी कापतात ते’ म्हणावे. वळसा घेणे ही भाषा येत असल्याची खूण आहे.

आणि प्रश्नोत्तरांसाठी दोन वाक्ये तयार असावीत: ‘पुन्हा एकदा सावकाश सांगाल का?’ आणि ‘तुम्ही असे विचारता आहात का?’ भाषणापेक्षा प्रश्नांची भीती मोठी असते. ही दोन वाक्ये ती भीती निम्मी करतात. सरावासाठी आरशापेक्षा घरातली आजी चांगली. ती मध्येच विचारते, आणि प्रेमाने विचारते.

ऐकणाऱ्याने काय करावे

श्रोत्यांचे नियम याहून थोडे आहेत, पण पाळायला कठीण.

बोलणारा थांबला की लगेच शब्द पुरवू नये. मनात पाच अंक मोजावेत. बहुधा तो शब्द त्याला सापडतो, आणि सापडला की तो त्याचा कायमचा होतो. फारच वेळ गेला तर एक शब्द हळूच सुचवावा, सबंध वाक्य बोलून टाकू नये.

चुका भाषणात दुरुस्त करू नयेत. नंतर एकांतात, दोन-तीनच सांगाव्यात. वीस चुका सांगितल्या तर एकही लक्षात राहत नाही, अपमान तेवढा लक्षात राहतो. त्याहून चांगली रीत आयांना ठाऊक असते. मूल म्हणाले, ‘गाडी गेला,’ तर आई म्हणते, ‘हो का, गेली गाडी?’ दुरुस्तीही झाली आणि गोष्टही पुढे गेली.

प्रश्न विचारताना सावकाश बोलावे, मोठ्याने नव्हे. परक्या माणसाला ऐकू येत नाही असे नसते. त्याला वेग झेपत नाही. म्हणी आणि कोट्या बाजूला ठेवून सरळ विचारावे. आणि त्याने मराठीत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मराठीतच द्यावे, मग आपले इंग्रजी कितीही चांगले असो.

शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा. ‘किती छान मराठी बोललात!’ एवढेच म्हणून उठू नये. असे कौतुक म्हणजे बोलणाऱ्याने काय सांगितले ते आपण ऐकलेच नाही याची कबुली असते. तो पाण्याविषयी बोलला असेल तर पाण्याविषयी विचारावे. त्याचे म्हणणे पटले नसेल तर तसे सांगावे, वाद घालावा. कोणी आपल्याशी आपल्या विषयावर वाद घातला की नव्या भाषेत बोलणाऱ्याला कळते की आपले बोलणे पोचले.

हे सर्व परदेशी पाहुण्यासाठी करणे सोपे आहे, कारण तो पाहुणा आहे. कन्नड शेजारी आपल्या गणेशोत्सवात दोन वाक्ये मराठीत बोलतो तेव्हा करणे थोडे कठीण आहे. आपल्याच घरातले मूल शाळेतून येऊन कन्नड भाषणाचा सराव करते, किंवा लातूरच्या आत्याला फोनवर ‘मी अभ्यास केलो’ म्हणते, तेव्हा करणे सर्वांत कठीण. पण सर्वांत जास्त उपयोग तिथेच आहे.

तेव्हा वाचकहो, यंदा एक करून पाहावे. आपल्या मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात अर्धा तास राखून ठेवावा. त्यात ज्यांची घरची भाषा कन्नड, तेलुगू किंवा दखनी आहे अशा दोघांनी मराठीत आणि आपल्या घरातल्या दोन मुलांनी कन्नडमध्ये प्रत्येकी पाच मिनिटे बोलावे. विषय ज्याचा त्याने निवडावा. परीक्षक नकोत, बक्षीस नको. प्रत्येक भाषणानंतर श्रोत्यांनी विषयावरचे तीन प्रश्न त्याच भाषेत विचारावेत, एवढा एकच नियम. कोणाला किती भाषा येते हे त्यातून ठरणार नाही. आपल्याला किती ऐकता येते, हे मात्र नक्की कळेल.